लाल-निळे पाट

आष्टी, जि. वर्धा
२४ नोव्हेंबर २००२

चि. पियुष,

आष्टीत भागीरथा नावाची एक म्हातारी राहते. तिले एक नातू आहे, तो तिकडं सोलापुरात डॉक्टरच्या वरची डॉक्टरकी शिकून राह्यला, माणसाच्या आतले फोटो पाहायची. ओळख पटली असल तं पुढं वाच. नाईतं हे पाकीट शेजारच्या खोलीतल्या पोराले दे, त्याले तरी आजीची सय येईल. पोळ्याले आलता तेव्हा 'पोचलो की पत्र टाकतो' म्हणून गेलता. पोळा गेला, दसरा गेला, दिवाळीचा फराळ संपून डबे घासून झाले. अजून पोचलाच नाई वाटते.

मी बोलून राह्यली अन् तुझी माय लिहून राह्यली. फोन काऊन नाई केला म्हणशील. फोन ताराचंदच्या दुकानात. तिथं बोलाले लागलं की तेल घेणारा, साखर नेणारा, सारे तराजूवाणी कान लावून उभे राहतात. अन् गोठ अशी आहे की दुकानात सांगायची नाई.

माझ्या डाव्या छातीत गाठ आली आहे. (इथं तुझी माय थांबली. म्हणे, आत्याबाई, 'छाती' लिहू का नुसतं 'अंगात' लिहू. मी म्हणलं, पोरगा डॉक्टर आहे तुझा, पुजारी नाई. लिही छाती.)

लिंबाएवढी आहे. दुखत नवती म्हणून मीबी तिले काही म्हणलं नाई, तिनंबी मले काही म्हणलं नाई. मंग एक दिवस तुझ्या मायनं, वच्छलेनं पाह्यलं अन् तुझ्या बापानं, प्रभाकरनं मले आर्वीवरून वर्ध्याच्या एसटीत बसवलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात गेलो. तिथं सुई टोचून तपासलं. कॅन्सर निघाला. हे मी एका ओळीत सांगून टाकते, कारण खरी गोठ पुढं आहे.

तिथं एका पोरीनं मले मशीनीपुढं उभं केलं अन् दोन फळ्यांच्या मधात छाती अशी दाबली की मी म्हणलं, पोरी, फोटो काढतेस का पापड करतेस. ती हासली अन् म्हणे, आजी, श्वास धरा. त्या काळ्या फोटोत गाठ पांढरी दिसे, चारी बाजूनं काटे फुटलेली, गोखरूवाणी.

पण त्याच्याहून भारी गोठ दुसऱ्या खोलीत. तिथं डॉक्टरीणबाईनं थंडगार चिकट काहीतरी लावून वरून यंत्र फिरवलं. समोर टीव्ही. आधी सारं करडं, पाऊस आल्यावाणी. मंग तिनं एक कळ दाबली अन् रंग आला. पियुष, गाठीच्या भोवताल लाल अन् निळे पाट फुटले होते. धुकधुक करत वाहून राह्यले होते, थांबत नवते. मी भ्यायचं विसरली. म्हणलं, बाई, अजून एक घडी राहू द्या, पाहू द्या. इतकं वय झालं, मी माझ्या आत कधी गेलीच नवती.

ती म्हणे, गाठ मोठी आहे, आताच कापता यायची नाई. आधी तीन-तीन आठवड्यांनी इंजेक्शन. मधात पुन्हा फोटो काढून पाहू. गाठ आकसली तं ऑपरेशन. नाई आकसली तं औषध बदलू, अन् मंग पाहू.

आता तू सांग. ते लाल-निळं काय होतं? अन् इंजेक्शन देतात हाताले, ते छातीतल्या गाठीचा पत्ता कोणाले विचारते?

खाली काजळाचा अंगठा आहे. पत्र नकली समजू नको.

तुझी आजी



सोलापूर
४ डिसेंबर २००२

ती. आजी,

तुझ्या पायाशी दोन्ही कान धरून बसलो आहे असं समज. पत्र न टाकल्याबद्दल एक कान, आणि दुसरा आईनं ओढण्याआधी मीच धरलेला.

तुझं पत्र वॉर्डाच्या जिन्यात उभं राहून वाचलं. कॅन्सरची ती एक ओळ दोनदा वाचली. मग ते लाल-निळे पाट वाचले आणि, आजी, रागावू नकोस, मला आनंद झाला. मी सहा महिने त्या यंत्राला डोळे लावून बसलो तेव्हा कुठे मला जे दिसायला लागलं, ते तू पहिल्याच बैठकीत पाहिलंस.

ते तुझं वाहतं रक्त. यंत्राकडे येणारं लाल दिसतं, यंत्रापासून दूर जाणारं निळं. चांगलं-वाईट असं त्यात काही नाही. गाठ घाईनं वाढते, तिला रक्त फार लागतं, म्हणून ती स्वतःसाठी नवे पाट खोदून घेते. इंजेक्शन कोणाला पत्ता विचारत नाही. ते रक्तातून सगळ्या अंगभर फिरतं आणि जे जे घाईनं वाढत असेल त्याला पकडतं. केसही घाईनं वाढतात, म्हणून केस जातील. तोंडाची चव जाईल. पण गाठ मार खाते, आणि तिचे पाट आटायला लागतात. पुढच्या फोटोत तेच बघायचं असतं, गाठ केवढी राहिली आणि तिला पाणी किती पोचतं.

आता हे तुला मी कशाला शिकवू? आंबिया बहारासाठी आपण डिसेंबरात संत्र्याचं पाणी तोडतो. बाग ताणावर सोडतो. पानं गळतात, झाडं मेल्यासारखी दिसतात, रस्त्यानं जाणारा म्हणतो, गेली बाग. तू मात्र हसत असतेस, पुढं पाणी दिलं की बाग फुलणार हे तुला ठाऊक असतं. हे तसंच आहे, आजी. गाठीला ताण द्यायचा.

रात्री हे सुचलं तेव्हा मी खाटेवर उठून बसलो होतो.

तोंडाला चव यावी म्हणून इथली शेंगाची चटणी पार्सलनं पाठवली आहे. भाकरीवर तेल घालून खा.

तुझा
पियुष



आष्टी
२९ डिसेंबर २००२

चि. पियुष,

शिकला रे बापा तू. ताणाची गोठ वच्छलेनं वाचली अन् मी तिले तीनदा वाचाले लावली. पहिल्यांदा ऐकाले, दुसऱ्यांदा समजाले, तिसऱ्यांदा प्रभाकर घरात आलता म्हणून त्याले ऐकवाले. त्या डॉक्टरणीनं इंग्रजीत जे सांगतलं ते तू संत्र्यात सांगतलं. आता मले सारं समजलं. मले म्हणजे, तुझ्याहून जास्त समजलं.

दोन इंजेक्शनं झाली. त्यातलं एक लाल रंगाचं आहे, सरबतावाणी. घरी आलो की दोन दिवस पोट वर येते, मंग खाली बसते. केस गेले. एका सकाळी उशीवर सारं पान गळलेलं. आरशात पाह्यलं तं तुझे आजोबा उभे. मी म्हणलं, या, इतक्या दिवसांनी.

आपलीबी बाग ताणावर आहे. रोज दुपारी तिथं जाऊन बसते. ती बोडकी, मी बोडकी. ताट घेऊनच जाते, घरात वास सहन होत नाई. प्रभाकर म्हणते, माय, उन्हात बसू नको. मी म्हणलं, ज्यानं बाग लावली त्याची बायको आहे मी, ऊन मले ओळखते.

गाठीले रोज हात लावून पाहते. लिंबू होतं, लिंबूच आहे. पण पाणी तोडल्या दिवशी पान गळत नाई, हे काय मले मालूम नाई? जितका ताण कडक तितका बहार चांगला. तू फिकर करू नको. ताण कसा द्यायचा ते सोलापुरातून शिकायची पाळी माझ्यावर नाई.

चटणी पावली. पाकीट लय सुंदर आहे. फळीवर ठेवलं आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याले दाखवते.

तुझी आजी



सोलापूर
८ जानेवारी २००३

ती. आजी,

आज मी तुझी गोष्ट आमच्या सरांना सांगितली. ते कधी हसत नाहीत. 'गाठीला ताण' हे ऐकून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, तुझ्या आजीला आपल्या वर्गावर पाठव. आता आमच्याकडे गाठीचा दुसरा फोटो बघायला घेतला की कोणीतरी विचारतंच, काय रे, ताण बसला का?

तिसऱ्या इंजेक्शननंतर तुझाही फोटो होईल. माझ्या परीक्षेपेक्षा मला त्याचीच जास्त हुरहुर आहे. खचू नकोस. ताण नीट बसू दे.

घाईत,
पियुष



आष्टी
२० जानेवारी २००३

चि. पियुष,

तुमच्या सरांले सांग, मी वर्गावर येते, पण फळ्यावर लिहाले लावू नका.

बागेले परवा पाणी सोडलं. झाडं कशी गटगटा पेली. आता पंधरा-वीस दिवसांत डोळे फुटतीन.

माझं तिसरं इंजेक्शन या खेपेस दिलंच नाई. डॉक्टरीण म्हणे, पुढच्या आठवड्यात या. बरं झालं, एक दिवस सुटी. जातानाचे धक्के खाल्ले होते, येतानाचे फुकट. म्हणून फोटोबी पुढं गेला.

गाठ हाताले तेवढीच लागते. बागेचा ताण झाला अन् माझा अजून बसून नाई राह्यला. काही नाई, जराशीक अजून ओढते. वच्छला माझ्याकडं पाहून राह्यली. तिले म्हणलं, पाहू नको, लिही.

तुझी आजी

ता. क. चि. पियुष, हे मी माझ्या मनानं लिहिते आहे. त्या समोरच बसल्या आहेत, पण वाचता येत नाही म्हणून धीर केला. इंजेक्शन दिलं नाही याचं कारण रक्त फार उतरलं आहे. डॉक्टर म्हणाल्या, अशानं पुढचं औषध देताच येणार नाही, जेवतात की नाही? त्यांनी चटकन 'जेवते' म्हणून सांगितलं. काल मी बागेत मागोमाग गेले. ताटातली भाकर त्या गाईला घालत होत्या. रात्रीचंही 'मागाहून घेते' म्हणतात आणि घेत नाहीत. मी रडले तर मलाच म्हणाल्या, "पियुषनंच लिहिलं आहे ना, ताण द्यायचा. मी जेवली की ते गाठीलेच पोचते. मी तिले पोसू काय?" तुझं पत्र मीच तीन वेळा वाचलं, पण त्यातून हे निघेल असं मला वाटलं नव्हतं. चटणीचं पाकीट फोडलेलंही नाही. तूच काय ते लिही. माझं त्या ऐकत नाहीत. — आई



सोलापूर
२५ जानेवारी २००३

ती. आजी,

हे पत्र आई मोठ्यानं वाचेल आणि ते संपेपर्यंत तू मध्ये बोलणार नाहीस.

तू जेवत नाहीस हे मला कळलं आहे. कसं कळलं ते विचारू नकोस. मी डॉक्टर आहे.

ताणाची गोष्ट मी अर्धी सांगितली, आणि तू ती पूर्ण करून टाकलीस. बागेचा ताण सगळ्या झाडाला असतो, कारण आपल्याला त्याच झाडाचं फूल पाहिजे असतं. गाठीचं फूल कोणाला पाहिजे आहे? गाठ म्हणजे पानसोट, आजी. बुडातून सरळ वर जाणारी ती काटेरी, तुकतुकीत फांदी. झाडाचा सगळा रस ओढते आणि तिला कधी एक संत्रं लागत नाही. सांग, पानसोट काढायला तू कधी झाडाचं पाणी तोडलंस का? आजोबांनी तोडू दिलं असतं का? झाड सुकलं तरी पानसोट शेवटपर्यंत हिरवाच राहतो. तू उपाशी राहिलीस तर आधी तू वाळशील, मग ती. तिचे पाट बंद करणं औषधाचं काम आहे. तुझं काम, औषध सोसायला उभं राहणं. रक्त वर आलं नाही तर इंजेक्शन नाही. इंजेक्शन नाही तर गाठ आकसणार नाही, आणि ऑपरेशन नाही. तुझी भाकर ही त्या लाल औषधाची पहिली बाटली आहे.

आणि हातानं बघणं बंद कर. मेलेली गाठही हाताला टणकच लागते. आत काय वाहतं ते हाताला कळत नाही, म्हणून तर ते यंत्र आहे.

दूध, अंडी, डाळ, भाकर. अंडी खात नाही असं सांगू नकोस. वर्ध्याच्या त्या लग्नात खाल्ली होतीस, मी कोणाला सांगितलं नाही, आता सांगेन. महिनाभरात तुझं रक्त वर आलं नाही तर मी परीक्षा सोडून येईन आणि तुझ्यासमोर ताट घेऊन बसेन. तू माझ्या लहानपणी बसायचीस तशी, छडी घेऊन.

बागेला पाणी सोडलंस ना? मग आता तुझा ताणही सोड.

पियुष



आष्टी
२ मार्च २००३

चि. पियुष,

पत्र ऐकलं. मधात बोलली नाई. दोनदाच बोलली, अन् ते तुले ऐकू आलं नसल.

तुले कसं कळलं ते मले मालूम आहे. मी तुझ्या मायले दोन गोठी सांगतल्या अन् तिची लेखणी पाच गोठींची चालली. मी अक्षर शिकली नाई, पण चालती लेखणी अन् थांबलेली लेखणी मले समजते. आता या पत्रात ती काय घुसडते ते पाहाले मी तिच्या अगदी जवळ बसली आहे.

पानसोट म्हणालास ते एका दमात बसलं. हेच पहिल्या पत्रात सांगतलं असतं तं माझ्या भाकरी गाईच्या पोटात गेल्या नसत्या. गाय तुझ्यावर नाराज आहे. रोज दुपारी कुंपणापाशी येऊन उभी राहते, तिले कसं समजावायचं ते तिच्यासाठी एक पत्र लिहून पाठव.

जेवाले लागली. पहिल्या दिवशी घास मातीवाणी लागला, तरी गिळला. वच्छला पुढ्यात बसे, ताट रिकामं झाल्याबिगर उठत नसे. सून आहे का फौजदार, काही समजत नाई. अंड्याचं प्रभाकरले मालूम झालं. तो म्हणे, माय, तू? मी म्हणलं, औषध आहे. रक्त वर आलं. तिसरं इंजेक्शन झालं, मंग चौथंबी झालं.

अन् परवा फोटो.

पियुष, मी रात्रभर झोपली नवती. एसटीत हात सारखा पदराखाली जाये. लिंबूच लागे. तुझं बोलणं आठवून हात बाहेर काढे अन् आर्वी येईपर्यंत पुन्हा आत घाले. पापडवाल्या पोरीनं पापड केला. तिनं मले ओळखलं, म्हणे, आजी, आज तुम्ही काही बोलल्या नाई. मी म्हणलं, आज तोंडातच पाणी नाई.

मंग ती दुसरी खोली. तेच थंड चिकट, तेच यंत्र, तोच टीव्ही. डॉक्टरीणबाई फिरवून राह्यली, फिरवून राह्यली. पडद्यावर गाठ दिसली, करडी, सुरकुतलेली. पाट कुठंच नाई. मी वाट पाह्यली, पाह्यली. शेवटी म्हणलं, बाई, आज रंग लावला नाई काय?

ती थांबली. माझ्याकडं वळली. म्हणे, आजी, रंग कधीचा सुरू आहे. रंग यायले आत काही वाहावं लागते.

मले आधी समजलंच नाई. मंग समजलं. पण माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हणलं, मशीन बिघडली असल. तुझी माय मागं उभी होती, ती हासाले लागली अन् रडाले लागली, दोन्ही एकाच वेळेस.

डॉक्टरीण म्हणे, बिघडली काय? थांबा. अन् तिनं ते यंत्र उचलून माझ्या गळ्यावर ठेवलं, कानाच्या खालती. पियुष, सारा पडदा लाल झाला. धरणाचं दार उघडल्यावाणी लाल. धडधड, धडधड. ती म्हणे, हे तुमचं. गाठीचा पाट आटला, तुमचा भरून वाहून राह्यला. अजून पाहायचं काय? मी म्हणलं, पाहायचं. तिनं मले भरपूर पाहू दिलं, बाहेर माणसं खोळंबली होती तरी.

मंग उजेडाच्या फळीवर दोन फोटो शेजारी शेजारी लावले, दिवाळीआधीचा अन् आताचा. आधीचा गोखरू तळहातावर मावणारा, आताचा बोरीच्या बीएवढा, काटे झडलेला. हाताले जे लिंबू लागे ते बरंचसं नुसतं वाळलेलं, टणक झालेलं. तुझं खरं निघालं. हे मी लिहून देते, सांभाळून ठेव, पुन्हा भेटायचं नाई.

ती म्हणे, पूर्ण गेली असं मी म्हणत नाई. बारीक काही उरलं असल, ते कापून तपासल्यावर समजल. पण आता कापता येते. होळीनंतर ऑपरेशन. छाती काढा लागल म्हणे. मी म्हणलं, काढा, तिनं तिचं काम केलं, प्रभाकर मोठा झाला, त्यानं तुम्हाले बिल भरलं. तुझ्या बापाले हे आवडलं नाई. मले आवडलं.

घरी येतानी बागेपाशी एसटी थांबवाले लावली. कंडक्टर म्हणे, इथं थांबा नाई. मी डोक्यावरचा पदर काढून त्याले टक्कल दाखवलं. त्यानं घंटी मारली. उतरलो तं साऱ्या बागेत फूल. पांढरं शुभ्र, अन् वास असा की वच्छलेनं डोळे मिटले. मधमाशा घोंगावून राह्यल्या. मी धुऱ्यावर, बागेच्या कडेले बसली अन् पिशवीतली भाकर काढून तिथंच खाल्ली. गाय पाहत होती. तिले दिली नाई.

ऑपरेशनले येशील तं परीक्षा देऊन ये. नापास डॉक्टरच्या हाती मी हात द्यायची नाई. माझा दुसरा फोटो वच्छलेनं ट्रंकेत ठेवला आहे, आला की तुमच्या सरांसाठी घेऊन जाजो. सांगजो, ताण बसला, पण कोणाले बसवायचा ते तुमच्या पोट्ट्यानं उशिरा सांगतलं.

केस येऊन राह्यले. हात फिरवला की मिरगाच्या कोंबावाणी लागतात.

अन् आता कामाचं. तुझं ते चटणीचं पाकीट फोडलं. भाकरीवर तेल घालून खाल्लं, तू म्हणला तसं. तोंडाले अजून गोड समजत नाई, आंबट अर्धं समजते, पण ती चटणी सारी समजते. संपली, अर्धी तुझ्या बापानंच संपवली. दोन पाकिटं पाठवजो, लसूण जास्त असल ती. एक घरासाठी. अन् दुसऱ्यावर माझं नाव मोठ्या अक्षरात लिहून पाठवजो. मले वाचता येत नाई, पण तुझ्या बापाले येते.